आईनं प्रवाळ उकळायला ठेवलं

घरी काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्यातले मासे अन् प्रवाळ पाळणाऱ्या रीफ टँकवाल्यांनो, दवाखान्यातून लिहितोय.

आज नळाला पाणी आलं, म्हणून आईनं घरातलं सगळं घासायला काढलं. टँकमधला प्रवाळ चिकटलेला दगड मी सकाळी बादलीत काढून ठेवला होता. तिला तो शेवाळलेला दिसला. तिनं सरळ पातेल्यात उकळायला ठेवला.

मी घरी आलो तर ती ओट्याला धरून खोकत होती. त्या बटणासारख्या प्रवाळात विष असतं, ते वाफेतून छातीत गेलं होतं. गॅस बंद केला अन् तिला घेऊन दवाखान्यात पळालो.

आता ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. मास्क बाजूला करून ती म्हणते, "दगड लई घाण होता रं. वरची टाकी भरली का?"

तिला माझ्या सगळ्या माशांची नावं पाठ आहेत. विषाचं मी कधी बोललोच नाही. तुम्ही घरी सांगितलंय का?