कोरडा खड्डा

चूक माझी होती आणि मी ती एका बाईंच्या माथी मारली. वाळूजच्या कारखान्यात विजेचं काम माझ्याकडे होतं. मशीनच्या बॉडीत उतरलेली वीज जमिनीत जावी म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतावं लागतं. त्या वर्षी टँकर वेळेवर येईना, म्हणून मी ते पाणी बंद केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

पॅकिंगवरच्या एक ताई म्हणाल्या, "साहेब, मशीनला हात लावला की लई मुंग्या येतात."

"हात पुसून लावत जा," मी टेस्टरही न लावता म्हणालो.

तेव्हापासून बाकीच्या बाया "आली बघा करंटवाली!" म्हणून त्यांना चिडवू लागल्या. सुपरवायझरनं कामचुकार ठरवून त्यांना खोकी उचलायला लावलं.

मग एकदा त्याच मशीनचा झटका मला बसला. खड्डा उघडला, तर मातीला भेगा पडलेल्या. पाणी ओतलं, मशीनमधला दोषही काढला, पण खरं सांगायचा धीर होईना. शेवटी एका दुपारी सगळ्या जेवायला बसल्या असताना मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"ताई, तुम्ही खरंच सांगत होता. खड्ड्याचं पाणी मी बंद केलं होतं आणि नाव तुमचं खराब झालं. मला माफ करा."