नाना वर आला नाही

सख्खा भाऊ आयसीयूत होता, आणि माझा काका त्याला बघायला आत गेला नाही.

तो काका, आमचा नाना, आज सकाळी गावच्या घरी वारला.

काही वर्षांपूर्वी आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आतडं फुटलं. रत्नागिरीत इमर्जन्सी ऑपरेशन झालं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन चांगलं झालंय. आता भीती इन्फेक्शनची. एका वेळी एकच माणूस, तोही साबणाने हात धुऊन. सर्दी-खोकला असेल तर प्लीज येऊ नका."

नाना तेव्हा मुंबईत लिफ्टमन होता. आईवडील लवकर गेले, त्याला वाढवलं आबांनीच. फोन गेला तसा मिळेल त्या गाडीने उभ्याउभ्या आला.

आयसीयूच्या दारात नर्सने विचारलं, "ताप, खोकला काही?"

नाही म्हणाला असता तर कुणाला कळलं नसतं.

"घसा खवखवतोय कालपास्नं," नाना बोलला. आणि स्वतःच मागे फिरला.

मी म्हटलं, "नाना, मास्क लाव आणि दोन मिनिटं जा. एवढ्या लांबून आलास."

"नको गो. माझ्यामुळं त्याला काय झालं तर?"

खाली कंपाउंडमधल्या बाकावर जाऊन बसला. पाठमोरा. खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी गावातून टेम्पो भरून माणसं आली. शहाळी, डबे, लहान पोरं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखं. त्यांना मी काय अडवणार?

नानाने अडवलं.

"मी सख्खा भाव. मी गेलो नाय आत. तुमी जाणार?"

माणसं जिन्यापाशीच थांबली.

"आलात तसे पोरांना आरे-वारेला समुद्र दाखवा, नि जावा घरला. दादा बरा झाला की या."

मी वर जायला निघाले की लांबूनच विचारायचा, "हात धुतलेस? अंगठी काढून? नळ्यांना हात लावू नको. पट्टी उचलून बघू नको. आणि नर्सला, डॉक्टरला पण विचार, हात धुतले का म्हणून. लाज कसली त्यात?"

मी घाबरत घाबरत विचारलं. नर्स हसली. "विचारत जा ताई, बरं असतं." माझ्यासमोर पुन्हा सॅनिटायझर लावलं.

मग आबा वॉर्डात आले. खिडकीशी बसवलं, तर खाली नाना. अजून खोकत होता. मी फोन लावून दिला.

"तिथं काय करतोस? वर ये."

"दादा, तूच खाली ये. बरा होऊन."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. फोन चालूच.

आबा आले खाली. कठडा धरून, आपल्या पायांनी.

नानाचा खोकला तोवर गेला होता. तरी आधी नळावर जाऊन हात धुतले. मग मिठी मारली. "हळू, टाके आहेत," असं मी म्हणेपर्यंत दोघं रडत होते.

नानामुळेच आबा वाचले असं नाही म्हणणार. वाचवलं डॉक्टर-नर्सनी.

पण ज्याला बघायला जीव तुटतोय, त्याच्याच जिवासाठी खाली बाकावर बसून राहायचं. एवढी माया माणसात कुठून येते? मी अजून थक्क आहे.

आत्ता आबा नानाच्या उशाशी बसलेत. कुणी कितीही सांगितलं तरी उठत नाहीत.

नाना, तुला शेवटचा जयभीम.