गुलाबी राक्षसाचे डोळे

माझ्या लग्नात माहेरून जी लोखंडी पेटी आली, तिच्यात भांडी असणार असं सासरच्या सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बायकांसमोर सासूबाईंनी ती उघडली आणि वरचीच एक चिंधी सोडवली. आतून निघाला वीतभरही नसलेला, चार शिंगांचा, जीभ बाहेर काढलेला मातीचा राक्षस.

"हे काय आणलं वं?" त्यांनी विचारलं.

"खाली अजून आहेत," मी म्हटलं.

माझं माहेर चितारओळीच्या, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीच्या, मागच्या गल्लीत. गणपती झाले की मूर्तिकारांकडे उरलेली माती मला मिळायची आणि शाळेत असल्यापासून मी तिचे प्राणी करायची. गाय-वाघ नाही, ते सगळेच करत. माझे म्हणजे पंखांचे रेडे, तीन तोंडांचे कोंबडे, पाय फुटलेले मासे आणि ढेरपोटे राक्षस. एक करायला एक दुपार पुरे. वाळला की चिंधीत गुंडाळून पेटीत. रंगवू सावकाश, असं म्हणता म्हणता शंभराच्या वर गेले आणि एकालाही रंग लागला नव्हता. खरं सांगायचं तर मला डोळ्यांची भीती वाटे. अंग कसंही रंगवता येतं. डोळा बिघडला की अख्खा प्राणी बिघडतो.

सासूबाईंनी पेटी माळ्यावर चढवली आणि तिच्यासमोर जुन्या गाद्या रचल्या. तीन वर्षं ती तिथेच राहिली.

मग मामंजी रिटायर झाले. सासऱ्यांना आमच्याकडे मामंजी म्हणतात. रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीच्या डब्यांवर नंबर आणि अक्षरं रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. घरात बोलणं मोजकं, आणि नोकरी सुटल्यावर तेही गेलं. बोलायच्या ऐवजी ते रंगवू लागले. आधी फाटक, मग खिडक्या, पाण्याची टाकी, सायकल, उखळ. एका सकाळी सासूबाई पाटावर बसल्या त्या हिरव्या लुगड्याने उठल्या. लुगडं मुळात पिवळं होतं.

"आता मलेच रंगवून टाका!" त्या ओरडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुही ते राक्षसाची पेटी काढ वं. त्याईले कामाले लाव."

उन्हाळा होता. दुपारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून आम्ही ओसरीत बसलो. मामंजींनी एकेक चिंधी सोडवून सगळे प्राणी जमिनीवर ओळीत मांडले, मालगाडी लावावी तसे. बराच वेळ पाहत राहिले.

"इतके केले अन् एकही नाही रंगवला. काहून?"

"जमत नाही मामंजी."

"अस्तर देल्लं का? मग कसं जमन?"

त्यांनी शिकवायला सुरुवात केली. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, मग पांढरं अस्तर, ते वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मग रंग पातळ करून दोनदा. आठवड्याभरात वीस-पंचवीस रेडे-कोंबडे तयार झाले, पण मामंजींना येत होते मालडब्याचेच रंग: तपकिरी, काळा आणि पिवळा. एका राक्षसाला मी गुलाबी रंग लावायला घेतला तसा त्यांनी माझा हात धरला.

"राक्षस गुलाबी नसते, सूनबाई."

"तुम्ही पाहिला आहे का?"

सासूबाई आतून मोठ्याने हसल्या. मामंजींनी थोडा विचार केला आणि माझा हात सोडला. "नाही पाहिला," ते म्हणाले. "लाव मग."

राक्षस छान गुलाबी झाला. राहिले डोळे. माझ्यापाशी बारीक ब्रश होता. तो मी त्यांच्यापुढे धरला. अक्षरांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही असं सगळे सांगत. त्यांनी ब्रश घेतला, राक्षसाच्या तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबले. ब्रशचं टोक थरथरत होतं. त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवून पाहिलं, मनगट दुसऱ्या हाताने धरून पाहिलं. मग ब्रश परत माझ्या हातात दिला.

"दोन वर्षं झाले," ते हळू आवाजात म्हणाले, आत ऐकू जाऊ नये इतक्या. "मोठे आकडे होऊन जात. बारीक अक्षरं जोडीदार काढून देत होता. कोणाले सांगू नको."

 मी ब्रश बुडवला आणि तोवर आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. उजवा डोळा बरा निघाला. डावा घसरला आणि नाकाकडे गेला. राक्षस चकणा झाला.

मी रडकुंडीला आले. मामंजींनी राक्षस उचलून डोळ्यांसमोर धरला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. सासूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं वं बाई ह्याईले?"

"तो पाहा," मामंजी म्हणाले. "दोन्हीकडं एकाच वेळी पाहून राहिला."

त्या दिवसापासून वाटणी झाली. अंग त्यांचं, डोळे माझे. पहिले दहा-बारा चकणे झाले, पुढे हात बसला. सासूबाई भाजी निवडायला मुद्दाम ओसरीत येऊन बसू लागल्या आणि प्रत्येकाबद्दल मत देऊ लागल्या. हा चोरून दूध पिणारा, हा सासूले उलटून बोलणारा, हा बिचारा वरण-भातावर खूश. थरथरत्या हाताची गोष्ट बहुतेक त्यांना आधीच माहीत होती. मामंजींच्या चहाची कपबशी कितीतरी आधीपासून अर्धीच भरून येत होती.

पावसाळा आला तेव्हा शेवटचा मासा रंगवून झाला. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या, तेव्हा सासूबाईंनी मला न विचारता सगळी फौज समोरच्या पायऱ्यांवर मांडली, चकणा गुलाबी राक्षस अगदी पुढे. हळदीकुंकवाला आलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंनी नाक मुरडलं.

"महालक्ष्मीसमोर राक्षस कायले बसवले वं?"

"जेवाले बोलावले," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखेच."

महालक्ष्म्या उठल्यावर दोन दिवसांनी मामंजी सायकल घेऊन निघाले ते जेवायच्या वेळी परतले. कॅरियरवर ओल्या गोणपाटात बांधलेली माती होती. हातपाय धुऊन ते ओसरीत बसले, एक गोळा तोडला आणि दोन्ही तळव्यांमध्ये दाबायला लागले. मातीला हाताचं थरथरणं चालत होतं. उलट त्यामुळे तिच्यावर बारीक खवल्यांसारखी नक्षी उठत होती.

"कोण होणार हा, मामंजी?" मी विचारलं.

"मले काय माहीत?" ते म्हणाले. "बनू तर दे त्याले."