गादीवरचा फोटो

वासंतीच्या खुब्यात आज दुपारी काहीतरी टक्क वाजलं, आणि तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

वासंती माझी थोरली मुलगी. वय एकतीस, सासर ठाकूरद्वारला. पाच आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या मांडीच्या हाडाचा मेलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवला. घरी पाठवताना बजावलं होतं, तीन महिने जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर मुळीच नाही. चाळीच्या संडासात जाणं बंद, म्हणून खाटेखाली भांडं आलं.

तिचा स्वभाव कळायला एक गोष्ट पुरे. ती पाचवीत असताना ह्यांनी हौसेने बूट आणले. ते तिला आखूड होत होते, तरी वर्षभर घालून शाळेत गेली. अंगठ्यांची नखं काळी पडली तेव्हा मला कळलं. "थोडं दुखायचं. बाबांना वाईट वाटलं असतं," म्हणाली. तेव्हा मी तिचं कौतुक केलं होतं. त्या कौतुकाची आज मला लाज वाटते.

छप्पनच्या जानेवारीत ती संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात नव्हती. शिवायला टाकलेली पोलकी आणायला गेली होती. गोळीबार झाल्याचं कळून लोक पळत सुटले, त्या रेट्यात ती दुकानाच्या पायरीवरून पडली. हाड जुळलं, पण गोळा आत मरत गेला. तीन वर्षं लंगडली. हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. तरी तिथल्या मंडळाच्या चिटणीसांनी, हेमचंद्रांनी, येत्या रविवारी तिचा सत्कार ठरवला, 'लढ्यातील जखमी भगिनी' म्हणून. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून मीही सभांना जाते. पण तिच्या खोलीत लोक येतात, पेढ्याचे हात चादरीला पुसतात, "आत लोखंड वाजतं का हो?" विचारतात. भांड्याशेजारी झेंडूचे हार कुजत पडलेले.

दुपारी गेले तर खाली पांढरी गादी अंथरलेली, लोड लावलेले, आणि फोटोग्राफर.

"सत्काराच्या पत्रकासाठी फोटो हवाय, वासंतीताईंना खाली बसवायचंय," हेमचंद्र म्हणाले.

"खुर्चीवर काढा की फोटो."

"काकू, रविवारी व्यासपीठावर सगळे गादीवर आणि फोटोत ह्या एकट्या खुर्चीवर? लोक म्हणतील साहेबीण आहे."

मी जावयांकडे पाहिलं. "मनमोहनराव, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, आई. तिची स्वतःची हरकत नाही."

तिची हरकत कधी असते? दोघांनी तिला दंडाला धरून खाली बसवलं. हेमचंद्रांनी तिचा पाय स्वतःच्या हाताने दुमडला, पाट सरकवावा तसा. मी बघत उभी राहिले. उठवताना तो आवाज झाला. वासंतीचा चेहरा पांढरा पडला.

"लोड घसरला वाटतं," ती हसून म्हणाली. फोटोग्राफरही हसला.

ते गेल्यावर तिने माझा हात धरला. "डॉक्टरांना सांगू नकोस, आई. परत इस्पितळात नेऊन पाय वजनाला टांगतील. मला नको ती खाट. शपथ घे."

"दुखतंय का?"

"थोडं."

मी शपथ घेतली आणि दादरला निघून आले. घरी येऊन दोनदा साबणाने हात धुतले. मंडळाची किळस येतेच, जावयांचीही. पण त्या पोरीला गादीवरून खुर्चीवर घ्या एवढं ओरडून सांगायला माझ्या घशाला काय झालं होतं? मी बी.ए. आहे, वर्गात चाळीस मुलींना गप्प करते.

थोडं, असं ती म्हणाली. बुटांच्या वेळीही तेच म्हणाली होती.

ती माझ्याशी महिनाभर बोलणार नाही. रविवारचा सत्कार होणार नाही, आणि जावई मला दारात उभं करणार नाहीत. चालेल. खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे फोन आहे. दार वाजवून त्यांना उठवते आणि डॉक्टरांच्या घरी फोन लावते. सकाळपर्यंत थांबत नाही.