पाठीवरचा पट्टा

छापखान्यात खिळे जुळवण्यात जन्म गेलेल्या आमच्या युस्टेसमामाचा कोणावरच भरवसा नव्हता. कांजूरमार्गच्या घरी त्याने लाकडी ठशांवरून छापलेली जुनी चित्रं पेटाऱ्यात जपली होती. बघायला आलेला माणूस गेला रे गेला, की मामा एकेक चित्र उलटं करून पाठीवरून बोट फिरवायचा. ठशाचा दाब पाठीला उठतो, नकलेत तो नसतो, म्हणून. चर्चचे फादर येऊन गेले तरी तेच!

बाहत्तरच्या नाताळात मी केक घेऊन गेले, तर मामा संतापलेला. "ल्युसी, माझा सेंट पीटर कोणीतरी बदलला गं. पाठ सपाट लागते. पेटाऱ्याच्या चावीची जागा तुलाच ठाऊक ना?"

माझं डोकंच फिरलं. चित्र हिसकावून उजेडात धरलं. पुढून तोच पीटर, कोपऱ्यातलं कसरीचं भोकही तेच. पाठीवर मात्र घासून गुळगुळीत झालेला तेलकट, काळपट पट्टा, बोटाएवढा रुंद. बाकीची चित्रं उलटली, तर सगळ्यांवर तसाच.

"बोट ठेव यावर, मामा."

त्याने ठेवलं. बरोबर बसलं.

त्याने एकेक चित्र पेटाऱ्यात परत ठेवलं. मग पेटाऱ्याला कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात कोंबली.

"मी मागितली तरी देऊ नकोस."