वीस मिनिटांची चाचणी

निजामाच्या राज्यात मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. मानसशास्त्राचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच परतले होते आणि त्याचा मला फार ताठा होता. जुन्या उस्तान्या छडीने शिकवतात, मी मुलींचं मन ओळखून शिकवीन, असं नारायणगुड्यातल्या आमच्या घरी रोज ऐकवत असे.

पहिल्याच वर्षी मी सातवीच्या मुलींची बुद्धीची चाचणी घेतली. चाळीस प्रश्न, वीस मिनिटं. प्रश्न उर्दूत, कारण वरच्या वर्गांत शिकवणंच उर्दूत चाले. त्यात एका वकिलांची मुलगी होती, घरी फक्त मराठी बोलणारी. ती प्रश्न वाचायची, ओठांतल्या ओठांत त्याचं मराठी करायची, मग उत्तराचं पुन्हा उर्दू. वेळ संपली तेव्हा तिचे आठच प्रश्न झाले होते. आठही बरोबर. ते मला दिसलं होतं. तरी चाचणीसोबतच्या कोष्टकात आठ गुणांपुढे जो शब्द छापला होता, तोच मी तिच्या नावापुढे लिहिला: मंद. आणि तिला मागच्या बाकावर बसवलं.

काही दिवसांनी वकीलसाहेब स्वतः भेटायला आले.

"बाई, पोरीला पुढे शिकवावं का? तुम्ही म्हणाल तसं करू."

"चाचणीत मंद निघालीय. तिला झेपणार नाही," मी म्हणाले. "उगाच ताण पडेल."

त्यांनी माझे आभार मानले. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं.

आठ-नऊ वर्षांनी सिकंदराबादच्या बाजारात ती भेटली. भाजीवालीशी तेलुगूत बोलत होती, बांगडीवाल्याला दखनी उर्दूत गप्प करत होती. तिनेच मला ओळखलं. सोबत सहा-सात वर्षांची लेक होती.

"हिला शाळेत घातलंस का?" मी विचारलं.

"नाही बाई. माझ्यावर गेलीय. मंद आहे."

"अगं, तू मंद नव्हतीस. चूक माझी झाली."

ती हसली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय. नीट तपासूनच तर सांगितलं होतं तुम्ही बाबांना."

मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात तिने लेकीला माझ्या पाया पडायला लावलं आणि स्वतःही वाकली. मी तिला वाकू दिलं. ती कुठे राहते, एवढंही विचारायचा धीर मला झाला नाही.