हिरव्या धाग्याचं पातेलं

भडगावला अक्कांच्या गच्चीवर जुनी लुगडी अंथरलेली होती, त्यांच्या कोपऱ्यांना रंगीत धागे बांधलेले होते. एकाला लाल, एकाला पिवळा, एकाला काळा. मी जिना चढून वर गेले आणि ते धागे पाहिले. हे काहीतरी निराळंच चाललंय, असं वाटलं.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, ताईबाई. मी माझ्या मेघाला त्यांच्याकडून परत न्यायला आले होते. होळीनंतर चार दिवस बदल म्हणून आत्याकडे गेलेली मुलगी महिना उलटला तरी जळगावला यायचं नाव काढत नव्हती. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात तिचे दोन विषय राहिले होते, मे महिन्यात पुन्हा परीक्षा होती. या वेळी राहिले तर ती कॉलेजच सोडेल, हे मला कुणी सांगायला नको होतं. फोन केला की म्हणायची, आत्याचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, बिघडलेत, त्याचं कारण सापडलं की येते. परीक्षा तोंडावर असताना बिबड्यांची काळजी कोण करतं? अक्का पोरीला फुकट राबवून घेतायत, असा माझा सरळ संशय होता. नवऱ्याला बोलून दाखवला तर ते म्हणाले, अक्का तशी नाही. भाऊ दुसरं काय म्हणणार?

अक्का चौथीपर्यंत शिकल्या. लग्न होऊन भडगावला आल्या, सासूकडून बिबडे करायला शिकल्या, आणि आता उन्हाळा लागला की अर्ध्या गल्लीचे बिबडे त्यांच्याच गच्चीवर वाळतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, आंबली की उपसून वाळवून दळायची, पीठ शिजवून त्यात तीळ, लसूण, मिरची घालायची आणि पहाटे ओल्या लुगड्यावर पातळ थापायचं. वाळलेला बिबडा कापडावरून अख्खा सुटला पाहिजे.

त्यांचा स्वभाव मला पहिल्यापासून समजला नाही. घरात काही बिघडलं की इतर बायका ओरडतात, कुणाला तरी बोलावतात. अक्का त्या वस्तूपुढे बसून राहतात. मिक्सर बंद पडला तर आधी त्याच बटणावर इस्त्री लावून बघतील. इस्त्री तापली तर बटण चांगलं, मग मिक्सरकडे वळतील. नेहमी बरोबरच येतं असंही नाही. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं म्हणून त्यांनी एकदा उघडलं, त्याचे तुकडे अजून डब्यात आहेत. त्यांचे यजमान पुना भाऊजी पाहुण्यांना सांगतात, "हाई मलेबी तीस वरीसपासून तपाशी राह्यनी, आजून निकाल नही."

यंदा मात्र त्यांचेच बिबडे तडकत होते. आंबटपणा येत नव्हता आणि कापडावरून काढताना चुरा होत होता. गल्लीत ज्याला त्याला कारण माहीत होतं. कुणी म्हणे ज्वारी बदला, कुणी म्हणे चक्की, कापड, मीठ, सगळंच बदला. एकीने नजर उतरवायला सांगितली होती. म्हणूनच ते धागे पाहून मला उताऱ्याची शंका आली, आणि माझी मुलगी त्यात बसलेली.

मेघाला विचारलं तर ती खोटं सांगेल असं वाटलं, म्हणून मी समोरच्या हुस्नबानोंना गाठलं. त्या ब्लाउज शिवतात. त्यांना हसू आवरेना. "वहिनी, माझ्याच मशीनचे धागे आहेत ते. मंतरलेले असते तर आधी माझी मशीन नीट चालली नसती का?"

त्यांनीच मग समजावलं. लाल धाग्याचे बिबडे दुसऱ्या दुकानच्या ज्वारीचे, पिवळ्याचे दुसऱ्या चक्कीवर दळलेले, काळ्याचे वेगळ्या कापडावर थापलेले. प्रत्येक लहान पातेल्यात एकच गोष्ट बदललेली, बाकी सगळं नेहमीचं. हिशोब मेघा ठेवत होती.

ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला उलट वाटलं की पोरीला गुंतवून ठेवायचा हा चांगला डाव आहे. तिन्ही धाग्यांचे बिबडे तडकले होते, म्हणजे आणखी धागे निघणार.

दुपारी चहा आला. मनात होतंच, मी टोमणा मारला. म्हटलं, चहाच्या पाण्यालाही औषधाचा वास येतोय, तुम्ही हे पिता तरी कसं? मेघाने डोळे मोठे करून मला गप्प केलं. अक्कांना राग आला नाही. त्यांनी माझ्या हातातला कप घेऊन हुंगला, मग माठात तोंड घालून हुंगलं.

"आमले तं वास येत नही. आम्ही रोज पेतस," त्या म्हणाल्या. "तुले येस ना, वहिनी? मंग एक धागा तुना."

आणि हिरवा धागा आला.

मागच्या वर्षापर्यंत त्यांच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. पिंप भरून ठेवायचं आणि तेच पाणी पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचं. नवीन लाइन आल्यापासून नळ रोज येतो. आता साठवलेलं पाणी शिळं झालं म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायका ते सकाळी ओतून देतात आणि ताजं भरतात. अक्काही तेच करत होत्या. ज्वारी थेट नळाच्या पाण्यात भिजत होती. नळ रोज आल्याचं इतकं कौतुक की त्याच्यावर संशय कोण घेणार? मी घेतला, कारण त्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशयच घेत होते.

ते औषधच ज्वारी आंबू देत नसेल, म्हणून त्याचा वास उडेपर्यंत मेघाने नळाचं पाणी उघड्या पातेल्यात दोन दिवस ठेवलं, मग त्यात ज्वारी भिजवली. ज्वारी तीच, चक्की तीच, कापड तेच. मी तिला घेतल्याशिवाय हलणार नव्हते, म्हणून मीही राहिले. भिजवलेल्या ज्वारीवरचं झाकण उघडून रोज हुंगत होते. ज्वारी आंबली. गच्चीवर थापली, वाळली, आणि हिरव्या धाग्याच्या कापडावरून बिबडा अख्खा सुटून हातात आला.

मी लगेच पिशवी भरायला घेतली. अक्का म्हणाल्या, थांब, आता पुन्हा थेट नळाचं पाणी घेऊन बघू.

"अक्का, मिळालं ना कारण?" माझा आवाज चढला. "आता मुद्दाम बिघडवायचं? पोरीची परीक्षा आहे."

"एकदा सुटनं म्हणजे कारण मिळनं नही. परत बिघडनं, तं मंग खरं."

मी मेघाकडे पाहिलं. ती अक्कांच्याच बाजूने बोलणार, अशी माझी खात्री होती. ती पिशवीची चेन लावत होती.

"आई, मी येते," ती म्हणाली. "पण क्लास लावू नकोस. नापास झाले तेव्हा तू क्लास बदललास, पुस्तकं बदललीस, माझी खोलीसुद्धा बदललीस. गणितं मी पाठच करत राहिले. नेमकी कुठे अडते, ते कुणी बघितलंच नाही. मीही नाही."

अक्कांनी मेघाच्या हातावर बिबड्यांची पुडी ठेवली, थेट नळाच्या पाण्याची खेप कशी निघते ते फोन करून सांगेन म्हणाल्या.

आता मेघा घरी आहे. एकच गणित घेते, त्यातला एक आकडा बदलते, सोडवते, मग दुसरा बदलते. पाठांतराचा आवाज येत नाही, त्यामुळे ती अभ्यास करते की नुसती बसते, मला कळत नाही. दाराशी जाऊन दोनदा पाहिलं. तिच्या कागदावर खाडाखोड होती आणि एका ओळीखाली रेघ मारलेली होती. विचारलं तर म्हणाली, इथे अडते मी, दर वेळी इथेच.

काल अक्कांचा फोन आला. थेट नळाच्या पाण्याचे बिबडे पुन्हा तडकले. ते ऐकून मेघा टाळी वाजवून हसली. काही बिघडल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

परीक्षा जवळ आली आहे. ती पास होईल याची मला अजिबात खात्री नाही. घरातले सगळे झोपलेत, आणि मी हे लिहीत बसले आहे. क्लासच्या सरांचा आज पुन्हा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. खोली, पुस्तकं, सगळं आहे तसंच ठेवलंय. फक्त क्लास नाही. या वेळी एवढंच बदलून बघते आहे.